उसना मी

पहिला नियम : 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही.
त्याने 'मी' म्हटलं की आपणही 'मी'.
गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं नाही,
तास संपला की तो 'मी' खुर्चीवर ठेवून
कोट चढवून निघायचं.

माल्मोत नोव्हेंबरात चारच्या आत अंधारतं.
तिसऱ्या मजल्यावर तीन खुर्च्या,
गुनवोरचा थर्मास, कागदी रुमालांचा डबा,
आणि कुंडीतलं एक झाड, ज्याला पाणी घालायची पाळी
कुणाची हे ठरलेलं नसावं.
तेस्फालेम समोर. खिशात दोन पॉवर बँक,
हातात फोन, फोनला वायर, वायर भिंतीला.
भिंतीला बांधलेला माणूस, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं.
वाटलेलं सांगणं माझ्या कामात बसत नाही.

ती विचारते : हे शरीरात कुठे जाणवतं?
मी विचारते : हे शरीरात कुठे जाणवतं?
तो आपल्या बुटांकडे बघत राहतो.
मग, पोटात. ओला दगड.
पोटात, मी म्हणते. ओला दगड.
माझा हात कुठे जातो ते कोटाखाली लपतं.

पाच आठवडे आम्ही त्या दगडाभोवती फिरलो.
श्वास वर चढला की ती म्हणायची,
या खोलीतल्या पाच गोष्टी सांगा.
खिडकी. खालच्या सायकली. तुमचा चष्मा. डबा.
झाड. झाडाला पाणी हवंय.
मी तेही सांगितलं.
गुनवोर उठली, आपल्या पेल्यातलं पाणी कुंडीत ओतलं.
त्या दिवशी एवढंच झालं.

आज तिने चौथी खुर्ची ओढून आणली.
इथे मेरहावी बसलाय, असं समजा.
तुमच्या जागी तो असता, आणि फोन
त्याच्याकडून राहिला असता,
तर धाकट्या भावाला तुम्ही काय म्हणाला असता?

तो खुर्चीशी बोलला नाही. दगडाशीच बोलला.
त्या रात्री मी दमलो होतो.
— त्या रात्री मी दमलो होतो.
बारा तास भांडी घासून आलो होतो.
— भांडी घासून आलो होतो. बारा तास.
फोन सात वेळा वाजला.
— सात वेळा.
मी झोपलो होतो.
— मी झोपले होते.

कुणाला कळलं नाही.
त्या भाषेत झोपणाऱ्याला बाई-पुरुष नसतो,
झोप म्हणजे नुसती झोप.
गुनवोरची मान हलत राहिली.
फक्त मला ऐकू आला
नऊ वर्षांमागचा, केरेनहून आलेला आईचा फोन,
उशीखाली घुरघुरणारा.
मी कूस बदलली होती.

आणि तेस्फालेम मान वर करून
आता खुर्चीला सांगत होता, हळू, जरा चिडूनच :
अरे, माणूस दमतो. दमला की झोपतो.
झोपेला काय फाशी द्यायची?

गुनवोरने माझ्याकडे पाहिलं.
मी तोंड उघडलं.
स्वतःसाठी नियमात एकच वाक्य आहे,
तेही 'मी'शिवाय :
दुभाषी थोडा वेळ मागते आहे.
दोन्ही भाषांत मी ते म्हटलं.

रुमालांचा डबा माझ्याकडे सरकला.
सरकवणारा हात गुनवोरचा नव्हता.

मग मी ते वाक्य स्वीडिशमध्ये सांगितलं,
न गाळता. फाशीसकट.

तो गेला. मी अर्जावर एक तास लिहिला, सही केली.
दिवा घालवताना दिसलं,
चार्जर भिंतीतच राहिलाय.
जिना उतरून धावले. रस्त्यावर वारा,
आडव्या पडलेल्या सायकली, आणि कुणीच नाही.

आता तो माझ्या खिशात आहे, वायर गुंडाळून,
पुढच्या गुरुवारपर्यंत.
उसनं परत करायचं असतं.
सगळं एकदम नाही.