अपूर्णविराम

परेरांनी यंत्रांना माशांची नावं ठेवली होती.
भाऊच्या धक्क्यावर, आमच्या केबिनमधलं ते बांगडा,
पवईला थंड खोलीत बसलेलं ते घोळ.
साहेब लोक हसायचे, सर्व्हरला घोळ म्हणतं का कुणी?
परेरा म्हणायचे, एकदा खाऊन बघा, मग हसा.

माझं काम एवढंच:
पाण्याची उंची मोजणारी नळी
दर सहा मिनिटांनी जो आकडा लिहिते,
त्या दिवसभराच्या आकड्यांची फाइल
रात्री साडेअकराला इथून तिथं पाठवायची.
एक ओळ. एससीपी, मग काय, मग कुठं.
"आधी देणारा, मग घेणारा," परेरा सांगून गेले,
"उलटं केलंस तर कालचं आजच्यावर सांडशील."
आणि निवृत्त होऊन गोराईला राहायला गेले.

उलटं नाही केलं मी.
फक्त नावापुढचे दोन ठिपके राहिले.

त्या रात्री टक्के सरकले नाहीत.
पासवर्डसुद्धा विचारला नाही;
मला वाटलं, ओळख वाढली आता.
मौन म्हणजे संमती समजून डबा उघडला.
कारल्याची भाजी होती.
दुसऱ्या रात्री बाणाची कळ दाबून
कालचीच ओळ वर आणली, तारीख बदलली.
तिसऱ्या रात्रीही.
अशा अठरा रात्री.

पवईहून फोन: आमच्याकडे काहीच आलेलं नाही.
शोधलं, तर बांगड्याच्याच पोटात
घोळ नावाची एक फाइल.
दोन ठिपके नसले की यंत्राला
ते दुसरं ठिकाण वाटतच नाही.
नुसतं नाव वाटतं कुणाचं तरी,
आणि त्या नावानं ते घरातच ठेवून देतं,
मुकाट,
कालच्यावर आजचं,
आजच्यावर उद्याचं.
बांगडा सात दिवसांपलीकडचं जपत नाही.
अकरा दिवसांचं पाणी गेलं.
त्यात अमावास्येचं उधाणही होतं.

शाळेत दांडेकरबाई अर्धा मार्क कापायच्या.
ठिपके कुठं गेले, म्हणायच्या,
त्यांच्याशिवाय ते नुसतं दुखणं,
दुःख नव्हे.

परेरांना फोन लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी,
अमावास्येला जरा थांबले.
मग म्हणाले, "बाय, समुद्र कुठं गेलाय का?"
नाही.
"मग आजचं पाठव."

साडेअकरा. बाहेर बर्फ फोडणारं यंत्र घरघरतंय,
खलाशी एकमेकांना शिव्या घालत जाळी आवरतायत.
मी ओळ लिहिली, बाण न दाबता,
एकेक अक्षर.
घोळ,
आणि त्याच्यापुढे
वर एक, खाली एक.

त्यानं पासवर्ड विचारला.
परक्यासारखा.
बरं वाटलं.