पहिल्यालाच बोलावणं

बेल्मीरो शुक्रवारी येतो, मेर्तोलाहून,
बुटांना रानओव्याचा वास, हातात बर्फाची पेटी,
पेटीत बारा नळ्या,
नळीत सशाच्या प्लीहेचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा.
वर पेन्सिलीनं तारीख, नर की मादी,
आणि कधीकधी, उगाच: "म्हातारा. हुशार होता."

मी डीएनए काढते, वाचते.
दोनशेच्या आसपास जनुकं एका पंगतीला,
आणि बोलावणं जवळजवळ दरवेळी पहिल्यालाच.
बाकीची पाट मांडून बसलीत
लाखो वर्षं, पुढ्यात कोरं पान.
काही तर मोडकीच. मधलं एक अक्षर गळालेलं,
उठायचं म्हटलं तरी उठवणार नाही.

"मग या लोकांना पोसता कशाला?"
लोक म्हणतो तो.

सांगते:
पिल्लू काही आठवड्यांचं झालं
की त्याच्या आंत्रपुच्छात शाळा भरते.
आतड्यातले जंतू दंगा करतात,
आणि ते पहिलं जनुक मागच्यांकडे वळून हात पसरतं.
याच्याकडून चार अक्षरं, त्या मोडक्याकडून सात,
स्वतःत डकवतं, नवा चेहरा करून उभं राहतं.
देणाऱ्याचं काही उणं होत नाही.
जंतूंवाचून वाढवलेलं पिल्लू
जवळपास अडाणीच राहतं.

माझं आंत्रपुच्छ नवव्या वर्षीच काढलं, ब्रागांसात.
मावशी देओलिंदानं ते बरणीत मागितलं.
डॉक्टर म्हणाले, बाई, बिनकामाचं असतं ते.

बेल्मीरोला हसू येत नाही.
"त्या हिवाळ्यात बिळांच्या तोंडाशी पडले होते,
नाकाला रक्त, अंगावर छर्रा नाही.
दोनशे होते ना पाठीशी?"

मी म्हणते, सगळे नाही मेले.
पुढे काही सुचत नाही.

एकदा त्यानं लेब्रे आणला,
बीळ न करणारा, उघड्यावर निजणारा, लांब कानांचा.
त्याच्यात एक ओळ सापडली
जी आम्ही बिळातल्यांचीच समजत होतो.
म्हणजे दोघांची चूल वेगळी होण्याआधीची.
बेल्मीरो म्हणाला, "भाऊबंदच की."
आणि टोपी काढली, कुणासाठी ते कळलं नाही.

आजच्या पेटीत अकराच तुकडे.
बारावी नळी रिकामी, बूच घट्ट,
वर पेन्सिलीनं:
"मादी. पोट जड होतं. सोडली."

मी वहीत तिलाही नंबर दिला.