काट्यावरची वही

सावद्याबाहेर, रावेर रस्त्याला,
माझा वजनकाटा रात्रभर जागा असतो.
केळीचे ट्रक येतात पानं पांघरून.
भरल्यातून रिकामं वजा करायचं,
पावती फाडायची.
अकरा वर्षं हे एकच गणित.

खिडकीच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली वही
ट्रकांची नाही.
तिच्यात पहाटे पाचनंतर
घामाच्या बोटांनी लिहिलेलं असतं :

फेगडे सर. वाघोद्यापर्यंत जाऊन परत. गुडघा, बारीक.
नजीर तडवी. आठशेच्या सहा फेऱ्या. पोटरी, बारीक.
वैजयंती. स्टेशनरस्त्याचा चढ, दहा वेळा. नडगी, बारीक.
गेमसिंग पावरा. सोळाशे मीटर, पाच मिनिटं चार सेकंद.
दुखण्यापुढे नुसती रेघ.

आमच्याकडे बारीक म्हटलं की झालं.
बारीक पोरगं, बारीक ताप,
बारीक खोटं.

काटा दहा-दहा किलोंनी चढतो.
त्याच्याखालचं त्याला दिसत नाही.
मांजर येऊन ऐन मध्यावर अंग चाटत बसलं
तरी आकडा शून्य.

इतरांचे किलोमीटर वाचून वाचून
मागच्या दिवाळीनंतर माझेच पाय शिवशिवले.
एक्केचाळीसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर, मुलाचे बूट घालून
आधी दूध डेअरीपर्यंत,
मग केळीच्या दोन बागांमधल्या गाडरस्त्याने,
जिथे वैशाखातही पाणी दिल्याचा गारवा असतो.
मग टाच.

उठल्यावरची पहिली वीस पावलं
बाभळीच्या काट्यावर.
एकविसावं बरं.

फेगडे सर म्हणाले, आंबेहळद लाव.
नजीर म्हणाला, ते बूट फेका आधी.
वैजयंतीने टॉवेलने पाय ताणायला शिकवलं.
गेमसिंगच्या आईने पालहून तेल पाठवलं
खोकल्याच्या बाटलीत, बुचाला फडकं.
मी टेबलाखाली बर्फाची बाटली पायाने फिरवते.
ट्रक चढला की बाटली थांबते,
पावती फाटली की पुन्हा फिरते.
आणि वहीत लिहिते :
चार किलोमीटर. टाच, बारीक.

त्या दिवशी गेमसिंग पळालाच नाही.
काट्याच्या कडेला बसून त्याने मोजा खाली सारला.
घोटा केळफुलासारखा,
तसाच जांभळा, तसाच बंद.
भरतीला सोळा दिवस.
"बारीक हाये," तो म्हणाला.

कुणी काही बोललं नाही.
फेगडे सर, आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस,
उठून काट्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.
मागून नजीर, वैजयंती.
गेमसिंगलाही दोघांनी धरून नेलं.
आत माझ्यापुढे लाल आकडा : २३०.
"म्याडम, केळी समजून मांडा!" नजीर ओरडला.
मी खरंच पावती काढली.
मालाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

मग गेमसिंग लंगडत उतरला.
आकडा थोडा थरथरला
आणि पन्नासने खाली येऊन बसला.
मी तो मोठ्याने वाचला.
गेमसिंग खिडकीपाशी आला, वही ओढली,
बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिला.
मग लिहिलं :
आज नाही. घोटा. मोठा.

अकरा दिवस तो घड्याळ घेऊन मैदानाच्या कोपऱ्यावर बसायचा
आणि आमच्यावर ओरडायचा.
"ताई, हात! हात कोन हलवीन?"
वैजयंतीच्या ओळीत एका सकाळी आलं :
चालले. नडगी रडवते.
सरांनी गुडघ्याचं चित्रच काढलं, बाण दाखवून.

काल मी लिहिलं :
धावले नाही. टाच.
आणि पुढे काहीच नाही लिहिलं,
कारण तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.
भरलेला ट्रक, ड्रायव्हर झोपेत,
पानांतून चीक गळतोय.

खुर्चीपासून खिडकीपर्यंत
वीस नाहीत, अठराच पावलं.
बाटली बाजूला सारली.
उठले.
एक.