चौसष्ट जीबी

दुपारी तीनला नगररचनेतून फोन:
"काय बे, नकाशा उघडंना."
पडद्यावर बघतो.
चौसष्टपैकी त्रेसष्ट पॉइंट दोन.
बाहेर चव्वेचाळीस.

एकशे एक्केचाळीस नकाशे, एक खोकं.
पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, दिव्याचे खांब, घरपट्टी,
हद्दवाढीतल्या गावांचे गट नंबर,
एक नाला, जो आता गल्ली झालाय,
डासांचा एक, कुठल्याशा साथीत घाईनं मागवलेला.
प्रत्येकानं आपला एक माणूस बसवून ठेवलाय आत,
कुणी विचारो न विचारो,
दोनशे एमबी मांडीखाली दाबून.
आणि बसल्या बसल्या तो फुगतो.
सोमवारी दोनशे, गुरुवारी साडेतीनशे.
का, ते कंपनीलाही सांगता आलं नाही.

मला नवल वाटलं नाही.
आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं.
आई पिंप भरते, घागरी, कुकर, बादल्या,
एकदा तर इडलीपात्राचे खळगे.
नवं आलं की शिळं ओतून देते जास्वंदीला.

तर पहिलं काम तेच केलं:
रात्री दोनला एकेक प्रोसेस मारायची,
ताजी उठवायची.
दुसरं, चिट्याल मॅडमनी लॉग काढून दिला.
नव्वद दिवसांत एकही मागणी नाही
असे अठ्ठ्याऐंशी.
त्यांचा किमान आकडा एकावरून शून्य केला.
झोपा. हाक आली तर उठा.
पहिल्या हाकेला वीस-बावीस सेकंद लागतील,
लागू देत.

त्रेसष्टचे चाळीस झाले.
पंख्याचा आवाज उतरला, मॅडमनी
डब्यातली शेंगाचटणी पुढं केली.

यादीच्या तळाशी एक अडकला:
जुनी गिरणी, शीट सात.
नव्वद दिवस, नव्वद मागण्या.
रोज एक. पहाटे सहा दहाला.
आपल्याच इमारतीतून, कर खिडकी क्रमांक दोन.

मी गेलो एका पहाटे.
सायन्ना गड्डम, रात्रपाळीचा वॉचमन,
चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकवून.
दचकला. उठू लागला.
मग बसूनच पडद्यावर बोट ठेवलं
एका निळ्या ठिपक्यावर:
"चाळ चार. आमचं नळ वो साहेब.
इथं अजून हाय."

तिथं आता गाड्यांचं शोरूम आहे.
हे मी बोललो नाही.
शोरूम दुसऱ्या शीटवर आहे,
ती दिवसभर जागी असते.

"आज जरा उशिरा उघडलं," तो म्हणाला,
तक्रार म्हणून नव्हे.
बावीस सेकंद.

खुर्चीवर येऊन एक ओळ लिहिली:
शीट सात, उठवणे ६:०५, झोपवणे ६:३०.
वाचली, तर व्हॉल्व्हवाल्याच्या वहीतली वाटली,
अमुक पेठ, इतके ते इतके.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
"नळ" लिहिलं.

मॅडमनी विचारलं, कुठला नळ?
तेवढ्यात फोन. आरोग्य विभाग.
"बे, डासांचा नकाशा मेला काय?"

नाही, म्हटलं.
धरा लाइन. झोपलाय.
उठतोय.