दहा वर्षं जपून

आधी सांगायचं ते आधी सांगते:
माझं नाव रोशेल पिंकनी, परवाना ओहायो राज्याचा,
हे बोलणं रेकॉर्ड होतंय,
आणि तुमच्या भागातले सगळेच प्लॅन आमच्याकडे नाहीत.
सात कंपन्या, एक्केचाळीस प्लॅन. बाकीच्यांसाठी
सरकारी नंबर आहे, लिहून घेता?

थांब, म्हणाली, पेन्सिल शोधते.

पेन्सिल शोधायला चार मिनिटं.
मी ऐकत बसले यंग्सटाउनमधलं एक स्वयंपाकघर:
खण उघडला, खण अडकला,
कुत्र्याला स्लोव्हाकमध्ये दटावणं,
आणि नीट बंद न होणारा एक नळ.
माझ्या पडद्यावर लाल आकडा चढत होता.
कॉल अकरा मिनिटांत आटपावा, असं ड्वेन म्हणतो.
गालिच्यांच्या जुन्या दुकानात आम्ही तेहतीस जणी बसतो,
भिंतींना अजून लोकरीचा वास आहे.

काही शब्द मला तोंडातून काढायचे नसतात.
'सगळ्यात चांगला' नाही. 'फुकट' नाही.
'सरकारकडून बोलतेय' तर झोपेतसुद्धा नाही.
भीती घालायची नाही, घाई करायची नाही,
परवा तिनं ज्या चौकटींवर खूण केली
त्यांच्या वेशीतच फिरायचं.
आणि मध्ये अठ्ठेचाळीस तास जाऊ द्यायचे.

"अठ्ठेचाळीस तास!"
इर्मा ह्राबोव्स्की म्हणाली होती, वय शहाऐंशी,
"माझ्याकडूनच वेळ उसना मागता होय?"

तर आज औषधं. बाटल्या टेबलावर मांडून
एकेक लेबल वाचते ती, अक्षर अक्षर फोडून,
पहिलीतल्या मुलीसारखी.
रक्तदाबाची. रक्त पातळ करायची. झोपेची, अर्धीच घेते.
एका बाटलीवर अडखळली.
"ही स्टीव्हची. ही धरू नकोस."

नाही धरली.

मग तिनं विचारलं, हे रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता?
दहा वर्षं, मी म्हटलं. नियम आहे.
हसली. हसता हसता खोकली.
"म्हणजे मी नसेन, आणि तुमच्याकडे मी
पेन्सिल शोधत असेन."

आणि मग, आवाज न बदलता,
"तीन वर्षांपूर्वी स्टीव्हनं फोन केला होता.
याच नंबरवर. तासभर भांडला चष्म्यावरून.
मग तोही असेल की तिथं."

असेल.
नाव टाकलं असतं तर ओळ आली असती:
तारीख, मिनिटं, शेजारी लहानसं कुलूप.
एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही,
साठ वर्षं एका ताटात जेवलेले असले तरी,
एक जण मागे उरला असला तरी.
यासाठी आमच्याकडे छापील परिच्छेद आहे.
तो मी वाचला नाही.
म्हटलं, मला ते उघडता येत नाही, मिसेस ह्राबोव्स्की.
अर्ज कुठे करायचा ते विचारून कळवते.

"नको," म्हणाली. "ऐकायचं नाहीये मला.
आहे ना, एवढंच."

नव्या प्लॅनमध्ये हप्ता शून्य होता, चष्मा होता, जिम होती.
तिचा हृदयाचा डॉक्टर नव्हता.
ते आधी सांगितलं. जिम नंतर.
जिमवर तिनं पोटभर हसून घेतलं
आणि म्हणाली, आहे तेच राहू दे बाई,
डॉक्टरच्या पायऱ्या चढणं हीच माझी जिम.

विक्री: शून्य.
संध्याकाळी ड्वेन कॉल ऐकतो, गुण देतो.
सूचना पूर्ण वाचल्या, दहापैकी दहा.
वर्ज्य शब्द टाळले, दहा.
खाली लाल शाईत:
एकतिसाव्या मिनिटाला वीस सेकंद कुणीच बोलत नाही. कारण?

मी रकान्यात लिहिलं,
ग्राहक पेन्सिल शोधत होत्या.