मंगळावरचा शर्ट

बार्स्टोच्या ग्रंथालयात खुर्च्या अठरा, माणसं अकरा.
भिंतीवर सत्तावन्न सालचा मंगळ,
म्हणजे गावाबाहेरचं कोरडं तळं
लाल काचेतून टिपलेलं.

यान हेलकावत उतरतं. दोरा दिसतो.
शास्त्रज्ञ दार लोटतो तर अख्खी भिंत हलते.
पोरं खिदळतात. व्हर्नाही हसते,
एक्याण्णवाव्या वर्षी जमेल तेवढं.

मग टेकडीआडून तो येतो:
रबरी मुंडकं, नाकाला वॉशिंग मशीनची नळी,
आणि वळला की
पाठीवरची चेन अर्धी उघडी.
हशा पिकतो. कुणीतरी शिट्टी घालतं.

व्हर्ना तेवढी पुढे सरकते.
फटीतून वीतभर शर्ट दिसतोय, चौकड्यांचा.
काचेमुळे काळा वाटतो. हिरवा होता.
दिवसाला नऊ डॉलर, डबा घरचा,
आणि तरी पहाटे उठून तिनं इस्त्री फिरवलेली.
"आत कोण बघणारे?" म्हणाला होता वॉल्डो.

पृथ्वीवरचे लोक त्याला गोळ्या घालतात.
तो पडतो, पण बेतानं, आधी गुडघा टेकून,
दुखऱ्या खांद्याला जपत.

दिवे लागतात. खुर्च्या सरकतात.
"थोडं मागे घेता का," ती त्या मुलाला विचारते,
"तो चालत येतो ना, तिथपर्यंत."