आणलंय काय

माझं काम एवढंच : बघणे, ऐकणे, सही करणे.
पाणी खात्यातला वरिष्ठ लिपिक मी, पंच क्रमांक एक,
वरळीच्या ऑफिसात सकाळी साडेआठला हजर.
डब्यात भेंडी.

आधी प्रात्यक्षिक झालं.
हवालदाराने नोटांना पांढरी पूड चोळली,
तीच बोटं ग्लासातल्या द्रावणात बुडवली.
पाणी गुलाबी झालं,
पोरीच्या गॅदरिंगच्या फ्रॉकसारखं.
मला हसू आलं. दुसरं कुणीच हसलं नाही.

तक्रारदार भानुशाली, ज्यूस सेंटरवाला.
निरीक्षकांनी त्याला आमच्यासमोर दोनदा बजावलं :
"मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत."
पंचनाम्यात आहे ते, पान तीन.
इशाराही ठरला : पैसे घेतले की केसांतून हात फिरवायचा.
भानुशालीला टक्कल.
मग "केसांतून" खोडून "डोक्यावरून" केलं
आणि खाडाखोडीवर माझी सही घेतली.
इतकं काटेकोर होतं सगळं.

वॉर्ड ऑफिस, दुसरा मजला, परवाना विभाग.
मी मागे, भानुशालीचा भागीदार म्हणून.
वाघधरे दाभणाने फाइल शिवत होते.
भानुशाली म्हणाला, "साहेब, आणलंय."
वाघधरे म्हणाले, "काय?"
मान वर न करता. दोरा दातात धरून.
पंखा खडखडत होता.
पाकीट फायलीखाली सरकलं
आणि वाघधरेंचा हात त्यावर आला,
उचलायला की परत लोटायला,
हे त्या हाताला तरी ठरवू द्यायचं होतं.
तेवढ्यात टकलावरून हात फिरला.

पाणी गुलाबी झालं.

रात्री पंचनामा वाचून दाखवला :
आरोपीने "आणलंय काय?" असे विचारून लाचेची मागणी केली.
दोन माणसांचे दोन शब्द
एकाच तोंडात, जोडीने बसवलेले.
टेपवर नुसता पंखा.
मी म्हटलं, साहेब, हे जरा...
निरीक्षक म्हणाले, शब्द तेच आहेत ना?
शब्द तेच होते.
साडेनऊ वाजले होते, भेंडी आंबली होती.
मी सही केली.

वाघधरे काही साधू नव्हते, हेही सांगतो.
त्यांच्या टेबलाचा खालचा खण
अख्ख्या वॉर्डाला पाठ होता.
आणि माझ्या घरी दर दिवाळीला
कंत्राटदाराकडून काजूकतली येते, अर्धा किलो, वर्ख लावलेली.
तिला कधी कुणी पूड लावली नाही,
म्हणून माझ्या हातचं पाणी अजून पांढरं.

चार वर्षांनी समन्स. सत्र न्यायालय, तिसरा मजला.
तारापोरवाला बाई बचावाला.
त्यांनी मोजून दाखवलं : भानुशाली चारदा गेला होता.
तीनदा टेपवर वाघधरे स्वच्छ म्हणतात,
"नियमात बसत नाही, उगाच खेपा घालू नका."
मग चौथी खेप कोणाच्या सांगण्यावरून?
सरकारी वकील उठले, बसले.
न्यायाधीश चष्मा पुसत म्हणाले,
भुकेल्याला ताटावर पकडणं वेगळं,
जेवून उठलेल्याला घास भरवणं वेगळं.
यातलं काय झालं, ते साक्षीदारच सांगेल.

साक्षीदार म्हणजे मी.
पिंजऱ्यात वाघधरे, निम्मे झालेले,
दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे.
निरीक्षक दाराशी, आता बढती मिळालेले,
माझ्याकडे न बघता बघत.
भानुशालीचं ज्यूस सेंटर, म्हणे, बंद पडलं.

"पंचसाहेब," बाई म्हणाल्या, "नीट आठवून सांगा.
'काय' हा शब्द कोणी उच्चारला,
आणि तो प्रश्न होता की मागणी?"

समोर पाण्याचा ग्लास होता.
मी बोटं जवळ नेली आणि मागे घेतली.
वर पंखा खडखडत होता, तसाच,
इतका की मला खरंच ऐकू आलं नाही,
किंवा आलं.

मी म्हणालो, "काय?"

स्टेनोने तेही टाइप केलं.